बे त्रिक सहा, मग २ चा तिसरा घात ८ कसा? (सातवी, घातांक)

रानजाई (शनिवार, रात्री १०:०५)

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, राज्य मंडळ, सेमी. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. काल घटक चाचणीचा गणिताचा पेपर घरी आला आणि तेव्हापासून मी तोच घेऊन बसले आहे. घातांकाच्या प्रश्नात तिने काय लिहिलं ते जसंच्या तसं देते. टंकताना छोटा आकडा वर चढवता येत नाही, म्हणून २ च्या डोक्यावरचा ३ मी २^३ असा लिहिते.

२^३ = ६
५^२ = १०
१०^४ = ४०
७^१ = ७
४^० = ०
(-३)^२ = -६

यातलं ७^१ तेवढं बरोबर. पण याच पेपरात '२ × २ × २ × २ × २ हे घातांकित रूपात लिहा' याचं उत्तर तिने २^५ लिहिलंय. पाया (खालचा आकडा) कोणता, घातांक (वरचा छोटा आकडा) कोणता, तेही बरोबर. म्हणजे लिहिता येतं, पण किंमत काढायला सांगितली की सगळं चुकतं. हे असं का होत असेल? पेपरावर लाल फुल्या आहेत, शेजारी एक शब्द नाही.

हे म्हणतात, १ ते ३० चे वर्ग आणि १ ते १५ चे घन पाठ करून घे, प्रश्न मिटला. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय करायचं तेही सुचत नाही. मी मराठी माध्यमातली. शब्द सगळे माहीत आहेत, समजावून सांगता मात्र येत नाही. लेक रडलीबिडली नाही, पण 'मला गणित येतच नाही' असं काल पहिल्यांदा म्हणाली. ते ऐकल्यापासून जिवाला चैन नाही.


खडूफळा (शनिवार, रात्री ११:२०)

रानजाई ताई, मी महाल भागातल्या शाळेत ३१ वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. उत्तरं जशीच्या तशी दिलीत हे फार बरं केलंत, कारण त्यातच सगळं दिसतंय.

सहाही उत्तरं एकाच नियमाने काढलेली आहेत: पाया गुणिले घातांक. एकदाही ती त्या नियमावरून हललेली नाही. ४ × ० म्हणून शून्य, -३ × २ म्हणून -६. आणि ७ × १ म्हणून ७. त्या सातावर बरोबरची खूण असली तरी तो याच चुकीतून आलेला आहे, तेव्हा त्यावर समाधान मानू नका. तुमची मुलगी गोंधळलेली नाही. तिने एक नियम पक्का धरला आहे, तो चुकीचा आहे एवढंच. अशा मुलाला शिकवणं सोपं असतं. रोज वेगळी चूक करणाऱ्याचं काम जास्त अवघड.

हा नियम आला कुठून? पाढ्यांमधून. दुसरीपासून पोरांच्या जिभेवर पाढे बसलेले असतात. २ आणि ३ शेजारी दिसले की जीभ 'बे त्रिक सहा' म्हणून मोकळी होते. तो ३ छोटा आहे, वर बसला आहे, हे डोळ्यांनी टिपायच्या आत उत्तर लिहून झालेलं असतं. उलट बाजूला, २ × २ × २ × २ × २ मोजायला सांगितलं तर पाढा आडवा येत नाही. तिथे बोट ठेवून मोजायचं असतं, म्हणून ते बरोबर आलं.

शिकवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. फळ्यावर पहिलं उदाहरण २^२ घेऊ नये. बे दुणे चार, आणि २ चा वर्गही चार. चुकीचा नियम मनात असलेलं पोर तिथे बरोबर ठरतं आणि तो नियम आणखी घट्ट होतो. मी पहिली कित्येक वर्षं हेच उदाहरण घेत होतो, आजही त्याची रुखरुख वाटते. ३^४ घ्या. एका नियमाने १२, दुसऱ्याने ८१. एवढं अंतर दिसलं की पोर थांबून बघतं.

उद्या तिला एकच सांगा: २^३ वाचून दाखव. उत्तर विचारू नका. काय वाचते ते इथे लिहा.


रानजाई (रविवार, दुपारी १:१५)

गुरुजी, विचारलं. आधी म्हणाली 'टू थ्री'. मराठीत वाच म्हटलं तर 'दोन वर तीन'. मग मी विचारलं, वर असण्याचा अर्थ काय? म्हणाली, "गुणायचं. ३ एक्स लिहितो तेव्हा मध्ये चिन्ह नसतं, तरी गुणायचंच असतं ना? तसंच."

मी गप्पच झाले. तिच्या डोक्यात एवढं कारण तयार असेल असं मला वाटलंच नव्हतं.


तर्रीपोहे (रविवार, दुपारी ३:४०)

ताई, मी पण मानेवाड्याचाच. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी घरी बारा पोट्टे शिकाले येतात. सुरुवातीला सगळेच्या सगळे हेच करून राहिले होते, तुमची एकटीच नाही.

मी काय केलं ते सांगतो. पहिले चार दिवस किंमत काढाचीच नाही. वहीत फक्त दोन ओळी. पहिली ओळ शब्दात: 'तीनाचा चौथा घात'. दुसरी ओळ पसरवून: ३ × ३ × ३ × ३. अन् तिथंच थांबाचं. ८१ कोणी लिहिलं तरी मी खोडाले लावतो. पोट्ट्यांना आधी राग येते, कारण त्यांना उत्तर लिहाची घाई. पण चार दिवसांनी ३^४ दिसलं की डोळ्यासमोर चार तीन येतात, बारा येत नाही. मग पाचव्या दिवशी किंमत.

परीक्षेत पण पसरवायची ओळ सोडाची नाही. अर्धा मिनिट जाते, पण चूक तिथंच पकडली जाते.

दुसरं, अक्षर. माझ्याकडच्या एका पोट्ट्यानं २^१० लिहिलं, खालच्या ओळीत उतरवताना त्याचं २१० झालं, अन् पुढचं सगळं गणित त्यानं २१० धरून केलं. त्याले घातांक समजला नव्हता असं नाही. आकडा खाली घसरला. तेव्हापासून सगळ्यांना चौकटीची वही. पाया पूर्ण चौकटभर, घातांक वरच्या उजव्या कोपऱ्यात, अर्ध्या उंचीचा. ५^२ अन् ५२ लांबून पाहिलं तरी वेगळे दिसले पाहिजेत.


अंबाझरीकर (रविवार, संध्याकाळी ६:०५)

पसरवून लिहिण्याची पद्धत चांगलीच आहे, पण आपण मोठी माणसं तोंडाने काय सांगतो त्याकडेही बघा. मुलगा गेल्या वर्षी हे शिकत होता, तेव्हा मीच त्याला सांगितलं: "२^३ म्हणजे २ ला २ ने ३ वेळा गुणायचं." त्याने २ × २ = ४, ४ × २ = ८, ८ × २ = १६ केलं आणि १६ लिहिलं. मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तीन वेळा गुणलंय, मोजा." मोजलं. खरंच तीन वेळा गुणलं होतं. मी सांगितलं तेच त्याने केलं होतं. सांगणंच चुकलं होतं.

२^३ मध्ये २ तीनदा येतो, पण गुणाकाराच्या खुणा दोनच असतात. म्हणून आम्ही सुरुवात १ पासून करतो: १ × २ × २ × २. आता खुणाही तीन, 'तीन वेळा गुणलं' हे वाक्यही खरं. आणि शून्याचा घोळ आपोआप सुटतो. २^० म्हणजे १ ला २ ने एकदाही गुणलं नाही, म्हणून १ होता तो १ च राहिला.


खडूफळा (रविवार, रात्री ९:३०)

अंबाझरीकर, तुमच्या मुलाचं उत्तर मला फार आवडलं. तुमची पद्धतही निर्दोष आहे. फक्त मी ती पहिल्या आठवड्यात वापरणार नाही. नवशिक्या पोराला तो पुढचा १ उपरा वाटतो. 'हा कुठून आला' याच विचारात ते अडकतं, आणि मोजायचे होते ते २ बाजूला राहतात. शून्य घातांकापाशी पोचलो की मग तो १ आणावा, तेव्हा त्याला काम असतं.

मी क्रियापद बदलतो. 'गुणा' म्हणत नाही, 'मांडा' म्हणतो. ३^४ म्हणजे ३ चार ठिकाणी मांडा, मधल्या जागांत गुणाकाराची खूण घाला. 'वेळा' हा शब्द मराठीत बेरजेच्या घरातला आहे. '२ तीन वेळा घेतले' म्हटलं की कुणालाही ६ च आठवतील, कारण २ + २ + २ = २ × ३ हे तिसरीत असंच शिकवलेलं असतं. म्हणून दोन्ही एकाखाली एक लिहून दाखवा:

२ + २ + २ = २ × ३ = ६
२ × २ × २ = २^३ = ८

वरच्या ओळीत बेरजेची लांबण आखडली आणि गुणाकार आला. खालच्या ओळीत गुणाकाराची लांबण आखडली आणि घात आला. तुमच्या लेकीने ३ एक्सचं कारण दिलं ना, ते वरच्या ओळीतलं आहे. ३ एक्स म्हणजे एक्स अधिक एक्स अधिक एक्स. तिला हे तिच्याच उदाहरणातून दाखवा. तिचं कारण खोडू नका, ते कुठल्या ओळीतलं आहे ते सांगा.

आता जरा विषयांतर, पण मला यावाचून राहवत नाही. 'घात' म्हटलं की पोरांना अपघात आणि विश्वासघातच आठवतो. जुन्या संस्कृत गणितात घात म्हणजे सरळ गुणाकार. भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत घनाला 'समत्रिघात' म्हटलंय, म्हणजे तीन समान संख्यांचा गुणाकार. त्याच्या साडेसहाशे वर्षं आधी, ४९९ मध्ये, आर्यभटाने घनाची ओळख 'सदृशत्रयसंवर्ग' अशी दिली, शब्द वेगळे, अर्थ तोच. लगेच पुढे तो म्हणतो की बारा कडांची आकृती तीही घनच. दोघांच्या व्याख्येत काय मोजलंय ते बघा. समान संख्या किती घेतल्या, ते मोजलंय. किती वेळा गुणलं, याचा उल्लेखच नाही. अंबाझरीकरांच्या मुलाचा १६ या व्याख्येतून कधीच येणार नाही.

छोटा आकडा वर लिहायची आजची रीत बरीच नंतरची, फ्रेंच गणिती देकार्तच्या १६३७ च्या भूमितीमुळे ती रुळली. गंमत म्हणजे वर्गासाठी तो स्वतः बहुतेकदा अक्षर दोनदाच लिहीत असे. दोनदा लिहायला जागा कितीशी लागते? वर चढवलेला आकडा ही लांबण वाचवायची सोय आहे, हे पोरांना सांगितलं की त्यांना त्या खुणेची भीती वाटत नाही.


सावली (सोमवार, सकाळी ७:१०)

शाळेला निघायच्या आधी पटकन लिहिते. मी नंदनवनकडच्या एका महापालिकेच्या शाळेत सातवीला शिकवते. शून्य घातांकासाठी मी वंशवृक्ष घेते.

प्रत्येकाने वहीच्या तळाशी स्वतःचं नाव लिहायचं. त्याच्या वर आई आणि वडील, २ जागा. त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, ४ जागा. मग पणजी-पणजोबा ८, खापरपणजी-खापरपणजोबा १६. किती पिढ्या मागे गेलो ते डाव्या बाजूला लिहायचं: १, २, ३, ४. तेवढाच २ चा घात. मग मी विचारते, शून्य पिढ्या मागे कोण? आधी वर्ग गप्प असतो. मग कुणीतरी म्हणतं, "मी." किती जण? "एक." २^० = १ वर्गानेच सांगितलेलं असतं, मी फक्त फळ्यावर लिहिते.

पणजोबांची नावं बहुतेकांना येत नाहीत. मी ती जागा रिकामी ठेवायला सांगते, पुसायला नाही. नाव माहीत नसलं तरी माणूस होताच. काही मुलं त्या दिवशी घरी जाऊन आजीला नाव विचारून येतात आणि दुसऱ्या दिवशी भरतात. गणिताच्या वहीतलं ते पान मला फार जवळचं वाटतं.

एक काळजी घ्या: 'माणसं' म्हणू नका, 'जागा' म्हणा. घरात मामेबहिणीशी लग्न झालेलं असेल तर एकच माणूस दोन जागांवर येतो. माझ्या वर्गात एका मुलीने हे बरोबर पकडलं होतं.


ओंजळ (सोमवार, सकाळी ११:००)

माहेर धंतोलीचं, आता पुण्यात असते. सावली ताई, तुमचा वंशवृक्ष आजच करणार.

१०^४ = ४० बद्दल सांगते, कारण माझ्या मुलाचंही तेच होत होतं. आजी आम्हाला संध्याकाळी म्हणायला लावायची: एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज. ही सगळी १० च्या घातांची यादीच आहे. मी मुलाला ते आडवं लिहायला लावलं आणि प्रत्येकाखाली शून्यं मोजायला सांगितली. शतं म्हणजे १०^२, लक्ष १०^५, कोटी १०^७, अब्ज १०^९. लीलावतीत ही यादी परार्धापर्यंत जाते, १०^१७. आता १०^४ दिसलं की तो 'दशसहस्र' म्हणतो, ४० त्याच्या मनातही येत नाही.

आणि यादीचा पहिलाच शब्द बघा. एकं. त्याच्याखाली शून्यं किती? एकही नाही. १०^० = १. इतकी वर्षं ते म्हणत होते, पण घातांक शिकवायला बसेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.


रानजाई (बुधवार, रात्री १०:३०)

सगळ्यांचे किती आभार मानू. तीन दिवस 'मांडा' आणि 'पसरवा' एवढंच केलं. तर्रीपोहे, तुझं खरं आहे, पहिल्या दिवशी तिने 'उत्तर का नाही लिहायचं' म्हणून वाद घातला. आज किंमत काढायला दिली. २^३ = ८, ५^२ = २५, १०^४ = १०,०००, ४^० = १. शेवटच्याला तिने शेजारी 'मी एकटी' असं लिहिलं, वंशवृक्षामुळे.

पण (-३)^२ ला आता -९ आलं. आणि २ + ३^२ ला २५.


खडूफळा (गुरुवार, सकाळी ८:४५)

-६ चं -९ झालं म्हणजे घात समजला, कंस राहिला. मोठा पल्ला गाठलाय तिने.

इथेही 'मांडा' चालवा. कंसाच्या डोक्यावर घातांक असेल तर कंसासकट मांडा: (-३) × (-३). कंस फोडून आत हात घालायचा नाही. ऋण गुणिले ऋण धन, म्हणून ९. कंसच नसेल, नुसतं -३^२ असेल, तर घातांक फक्त ३ चा, उणे बाहेर थांबलेलं: -(३ × ३) = -९. आता तिला (-२)^३, (-२)^४, (-२)^५, (-२)^६ ओळीने करायला द्या: -८, १६, -३२, ६४. घातांक सम की विषम यावर चिन्ह ठरतं, हे तुम्ही सांगू नका. चौथ्या उदाहरणापर्यंत ती स्वतः म्हणेल.

२ + ३^२ चंही तेच. घातांक ज्याच्या डोक्यावर आहे त्याचाच. शेजारच्या २ शी त्याचा संबंध नाही. आधी ३ चे दोन मांडायचे, ९ झाले की मग २ मिळवायचे, ११. तसंच ३ × २^२ म्हणजे १२. ३६ हवे असतील तर (३ × २)^२ असा कंस लागतो.

साहेब म्हणतात त्या पाठांतराबद्दल. वर्ग-घन पाठ असणं ही शिदोरीच आहे, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत खूप वेळ वाचतो. मी मुलांकडून करून घेत असे. पण १३ चा वर्ग १६९ हे पाठ करण्याआधी १३ × १३ एकदा तरी हाताने झालेलं असावं. त्याआधी नको.


तर्रीपोहे (गुरुवार, रात्री ९:१५)

नियमांचं पण सांगून ठेवतो, कारण तिचा पुढचा धडा तोच येईल. २^३ × २^४ ला पोट्टे दोन चुका करतात. एक, घातांकांचा गुणाकार करून २^१२. दुसरी, घातांक बरोबर मिळवतात, पण पायांचा गुणाकार करून ४^७. दोन्हीवर एकच औषध, पसरवा. तीन २ अन् चार २, एका ओळीत सात २. म्हणून २^७, म्हणजे १२८. भागाकारात २^५ ÷ २^३ असेल तर वर पाच, खाली तीन, तीन कटले, दोन उरले.

अन् बेरजेले नियम नाही हे ठासून सांगा. २^३ + २^४ म्हणजे ८ + १६ = २४. इथं घातांकांची बेरीज करून २^७ लिहिणारे दहावीतले पोट्टे मी पाहून राहिलो.

एक अजून. मोबाईलचं दुकान त्यांना चांगलं समजते. ३२ जीबी, ६४ जीबी, १२८, २५६. २^५, २^६, २^७, २^८. हे आकडे असेच काहून असतात म्हणून विचारा. माझ्याकडच्या सगळ्यात शांत पोट्टीनं त्या दिवशी पहिल्यांदा हात वर केला होता.


अंबाझरीकर (शुक्रवार, दुपारी २:००)

रानजाई, रविवारी जमलं तर तिला रमण विज्ञान केंद्रात घेऊन जा, तारांगणाचा खेळ दाखवा. मोठ्या संख्या तिथे कानावर येतात, मग घरी त्या घातात लिहायला मजा येते.


रानजाई (सोमवार, रात्री ९:५०)

गेलो होतो. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर, हे तिने लक्षात ठेवलं आणि घरी येताना रिक्षातच हिशेब केला. ओंजळ ताईंच्या आजीच्या यादीतून कोटी म्हणजे १०^७, म्हणून १५ × १०^७. घरी आल्यावर बाबांना विचारत होती की १५ च्या जागी १.५ लिहिलं तर वर ८ येईल ना? यांनी कागद घेऊन करून पाहिलं आणि 'बरोबर आहे गं' म्हणाले. त्यानंतर वर्ग पाठ करून घेण्याचा विषय घरात निघालेला नाही. दोघं मिळून ११ ते २० चे वर्ग हाताने काढताहेत.

वंशवृक्षासाठी तिने परवा माझ्या आईला भंडाऱ्याला फोन केला. आठातल्या पाच जागा भरल्या.

आता एकच अडलंय, तेवढं सांगा. (२ × ३)^२ तिने २^२ × ३^२ = ३६ असं केलं, ते बरोबर. त्याच धर्तीवर (२ + ३)^२ ला २^२ + ३^२ = १३ लिहिलं. मी कंसासकट मांडायला लावलं, ५ × ५ = २५ आलं, तिला पटलंही. पण ती विचारते, "गुणाकाराला चाललं, मग बेरजेला का नाही चालत? बाकीचे १२ गेले कुठे?" याचं उत्तर मला देता आलं नाही.


खडूफळा (सोमवार, रात्री १०:४०)

उत्तर देऊ नका. चौकटीची वही काढा. ५ चौकटी लांब, ५ चौकटी रुंद असा चौरस आखायला सांगा. एका कोपऱ्यात २ × २ चौकटी रंगवायच्या, तिरकस समोरच्या कोपऱ्यात ३ × ३. रंग न लागलेल्या चौकटी तिलाच मोजू द्या. बाराच भरतील, दोन तुकड्यांत. ते तुकडे किती लांब आणि किती रुंद आहेत, एवढंच विचारा, आणि तिने काय सांगितलं ते इथे लिहा.